एकोणीस अंश

समिधा रोज सकाळी सहा ते सात मौन पाळायची. आजीच्या दुखण्यात धरलेला नेम. आजी बरी झाली, पुढे वय होऊन गेलीही, नेम मात्र राहिला. त्या तासात तुळशीला पाणी, देवांची आंघोळ, जपाची माळ, आणि तोंडातून एक अक्षर नाही. तिचे वडील बाबल कुबल यांना लेकीला जे काही सुनवायचं असे, ते त्यांनी नेमकं याच तासासाठी राखून ठेवलेलं असे.

"तुझ्या काँप्युटरान जोडलेलो हात," पडवीतल्या बाकड्यावरून ते म्हणाले, "चाय पिऊक बरो, जेवूक बरो. देवळातली घांट वाजवूक तर एकदम फस्कलास. फकत माझो नाय तो."

"अहो, तिका माळ तरी ओढू देयात," आई आतून म्हणाली.

"ओढू दे मा. मी खय धरलंय?"

समिधाने डोळे मिटले आणि पुढचा मणी ओढला.

दोन वर्षांपूर्वी जेटीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरून बाबांचा उजवा दंड मोडला होता. नुसता मोडला नव्हता, मधल्या भागाचा चुरा झाला होता. खाडीपलीकडच्या ज्या सरकारी रुग्णालयात समिधा तंत्रज्ञ म्हणून कामाला होती तिथेच शस्त्रक्रिया झाली, आणि हाड कसं जोडायचं याचा आराखडा समिधानेच केला होता. जोडलेलं हाड इतकं नेटकं आलं की डॉक्टरांनी त्याचं चित्र शिकाऊ मुलांना दाखवायला ठेवून घेतलं.

सहा महिन्यांनी बाबांनी ओहोटीच्या वेळी खाडीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पाग टाकून पाहिलं. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाचे मणी ओवलेलं. अर्धं जाळं डाव्या कोपरावर, कड उजव्या हातात, कंबरेला पीळ, उजवा हात मागे, अजून मागे, आणि मग फेक. फेक साधली तर जाळं हवेतच परातीसारखं उघडतं आणि सगळी कड एकदम पाण्याला टेकते. बाबांचं जाळं ओल्या धोतराच्या बोळ्यासारखं पडलं. दहा वेळा फेकलं, दहा वेळा बोळा. काठावरचे लोक हसले नाहीत, आणि तेच बाबांना जास्त लागलं. त्यानंतर ते खाडीत उतरले नव्हते. आई बाजारात दुसऱ्यांची मासळी विकायची, आणि बाबा पडवीत बसून दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करायचे.

घड्याळात सात वाजले. समिधाने माळ डोळ्यांना लावून ठेवली आणि पडवीत आली.

"बाबा, काल व्यायामाचा रबर ओढलात?"

"ओढलंय."

"किती वेळा?"

"मोजूक तू खय होतंस?"

"तेच म्हणतंय मी. हाताक काय्येक झालेला नाय. हात आळशी झालोहा, आणि हाताचो धनी त्याच्यापेक्षा जास्त." शेजारची काशीबाय कुंपणापलीकडे केर काढत होती. ती थांबून ऐकते आहे हे समिधाला दिसलं, पण शब्द तोंडातून गेले होते.

 बाबांनी जाळ्याच्या फाटलेल्या घरात सुई घातली.

*

रुग्णालयात ज्याला सगळे 'आरसा' म्हणत, त्या यंत्रणेचं कागदावरचं नाव बरंच लांबलचक होतं. तिचं काम मात्र आरशाचंच. मोडलेलं हाड मुळात कसं होतं हे कुणालाच ठाऊक नसतं, कारण मोडण्याआधी कुणी त्याचं चित्र काढून ठेवलेलं नसतं. पण देवाने माणसाला बहुतेक हाडं जोडीने दिली आहेत. उजवा दंड मोडला असेल तर डावा शाबूत असतो. यंत्र दोन्हींचं सर्व बाजूंनी चित्र घेई, डाव्याला उलटं करून त्याचा उजवा बनवी, आणि त्या साच्यात मोडलेले तुकडे बसवून दाखवी. कोणता तुकडा किती सरकवायचा, किती फिरवायचा, पट्टी कुठे, स्क्रू किती लांबीचा, सगळं आधी पडद्यावर ठरे. मग शस्त्रक्रियेच्या वेळी टेबलाशेजारचा यांत्रिक हात सर्जनच्या हाताला त्याच वाटेवर धरून ठेवी. आरसा आल्यापासून त्या तालुक्यात वाकडं जुळलेलं हाड कुणी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी दिगंबर मेथर नावाचा सत्तावीस वर्षांचा दर्यावर्दी गडी आला. मोटारसायकल घसरून उजवा दंड मोडलेला. समिधा त्याला तक्त्यातले प्रश्न विचारत होती.

"आधी कधी हाड मोडलंय?"

"नाय."

"साखर, रक्तदाब?"

"नाय. फकत बायको हा."

समिधा हसली. "नववा प्रश्न. लहानपणापासून फेकीचा कुठला खेळ? गोलंदाजी, भालाफेक, असं काही?"

"खेळ?" कळ आली तरी दिगंबर हसला. "ताई, सा वर्साचो आसल्यापासून पाग मारतंय. खेळूक टायम खय?"

समिधाने 'नाही'वर बोट टेकवलं.

तासाभराने चित्रं आली. यंत्राने आराखडा तयार केला आणि खाली नेहमीसारखी बारीक करड्या अक्षरांतली ओळ उमटली: 'कडा अंशतः विसंगत. आरशातील प्रतिमेस प्राधान्य.' ही ओळ तिने शेकडो वेळा वाचून सोडून दिली होती. मोडताना हाडाचे बारके कण उडून जातात, म्हणून कडा थोड्या जुळत नाहीत. सगळ्यांनाच माहीत होतं.

पण दिगंबरचं हाड फुटलं नव्हतं, तिरकं चिरलं होतं. वरच्या तुकड्याला तीन दाते, खालच्या तुकड्याला तीन खाचा, अगदी फुटलेल्या कौलासारख्या. लहानपणी कौलाचे असे तुकडे ती कितीदा जुळवत बसली होती. यंत्राने मात्र दाते खाचांच्या शेजारी आणून सोडले होते. एकही दाता खाचेत नव्हता.

तिने आरशाची प्रतिमा बंद केली. खालचा तुकडा स्वतःच्या हाताने बाहेरच्या अंगाला फिरवायला घेतला. पाच अंश. दहा. चौदा. सतराला तिन्ही दाते तिन्ही खाचांत जाऊन बसले. मध्ये केसाएवढी फट उरली नाही.

समिधा पडद्याकडे बघत राहिली. मग तिला दिगंबरचं उत्तर पुन्हा ऐकू आलं, आणि त्याच्या मागून दुसरं, दोन वर्षांपूर्वीचं. तिने स्वतःच तक्ता भरताना घाईघाईत विचारलं होतं, 'बाबा, खेळबीळ काय?' आणि वेदनेने कण्हणारे बाबा म्हणाले होते, 'खेळूक माका टायम खय होतो?'

तेव्हाही तिने 'नाही'वरच बोट टेकवलं होतं.

*

डॉक्टर वालावलकर पन्नाशीचे, बोलायला तुटक, हाताला हलके. त्यांनी पडदा पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला.

"गोलंदाजांत हे होतं," ते म्हणाले. "मूल जन्मतं तेव्हा त्याच्या दंडाच्या हाडाला मागच्या बाजूला पीळ असतो. वाढता वाढता तो उलगडत जातो. पण कोवळ्या वयात रोज जोराने फेकणाऱ्या मुलाचा फेकीचा हात पुरता उलगडत नाही. पीळ राहतो, आणि तो राहतो म्हणूनच हात तेवढा मागे जातो. डावा मात्र उलगडलेला. असल्या माणसाला आरसा चालत नाही. म्हणून तर नववा प्रश्न ठेवलाय."

"पाग टाकणं हा खेळ नाही, सर."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं.

"प्रश्न लिहिणाऱ्यांनी मैदान पाहिलं असेल," समिधा हळू आवाजात म्हणाली. "खाडी नसेल पाहिली. आणि मी पाहिलेली असून विचारलं नाही."

"सतरा अंशांचा फरक खांदा सांभाळून घेतो, समिधा. वीसपर्यंत चालतं."

"जेवायला चालतं, सर. पाग टाकायला नाही चालत."

डॉक्टरांनी पडद्यावरचे दाते पुन्हा एकदा पाहिले. "ठीक आहे. याचं हाड स्वतःच सांगतंय, तेव्हा हाडाचं ऐकू. सतरा." ते दारापर्यंत गेले आणि थांबले. "तुझ्या वडिलांचा आराखडा कोणी केला होता?"

"मीच."

"त्यांच्या कडा?"

"त्यांना कडाच नव्हत्या, सर. चुरा होता."

*

संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाल्यावर समिधा पडवीत येऊन बाबांच्या समोर जमिनीवर बसली. आई तांदूळ निवडत होती. समिधाने काही लपवलं नाही, काही सोपं करूनही सांगितलं नाही. आपण डाव्या हाताचा उजवा बनवून बाबांच्या खांद्याला जोडला, हे तिने त्याच शब्दांत सांगितलं.

बाबांनी सुई जाळ्यात खोवून ठेवली.

"दोन वर्सां माका आळशी म्हणालंस."

"होय."

"काशीबायच्या देखत."

"होय, बाबा. चुकलंय मी."

"तिका पण सांगूचा लागतला."

"उद्या सांगतंय."

बाबांनी उजवा हात वर नेला, मागे नेला. कानाच्या थोडा मागे जाऊन तो दाराला खिट्टी लागावी तसा अडला. रोज अडायचा तसाच. पण आज त्यांनी तो खाली घेतला नाही, तिथेच धरून ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे मी खोटा बोलत नाय होतंय."

"नाय."

"बरा झाला," ते म्हणाले आणि हात खाली घेतला. "मगे आता?"

"हाड परत कापूचा लागतला. खालचो भाग फिरवून परत जोडूचो. पण थयसून एक नस जाता, हाडाक वळसो घालून. तिका धक्को लागलो तर मनगट लोंबता. मगे जाळीपण विणूक गावाची नाय."

आईच्या हातातलं सूप थांबलं. "एकदा मोडलो ती देवाची मर्जी. आता मोडतलास ती तुमची मर्जी. माका नको बाय. चाय तरी पितत ना त्या हातान."

"चाय तू पण पाजशीत," बाबा म्हणाले. त्यांनी समिधाकडे पाहिलं. "किती फिरवतलंस?"

"ठाऊक नाय. तुमचो मूळचो हात कसो होतो ता खयच लिवलेला नाय."

"मगे ठाऊक करून ये," बाबांनी सुई पुन्हा हातात घेतली. "अंदाजान फेकलेल्या जाळ्यात मासो गावता कधी?"

*

ठाऊक कसं करायचं हे शोधायला तिला चार दिवस लागले. ज्यांचे हात कधी मोडलेच नाहीत अशा पाग टाकणाऱ्यांचे दोन्ही दंड मोजायचे. त्याला मोठं यंत्र नको, गरोदर बायकांना लावतात तसलं आवाजाच्या लहरींचं छोटं यंत्र पुरतं. खांद्यापुढे हाडाला एक पन्हळ असते. माणसाला उताणं निजवायचं, कोपर काटकोनात वाकवायचं, पडद्यावर पन्हळ बरोबर आभाळाकडे आली की मनगट किती कललं आहे ते मोजायचं. तोच हाडाचा पीळ. उजव्या-डाव्यातला फरक म्हणजे राहून गेलेला पीळ. डॉक्टरांनी यंत्र न्यायची परवानगी दिली, वर म्हणाले, "रविवारी माझाही वेळ जात नाही," आणि स्वतः आले.

मच्छीमार सोसायटीच्या बर्फखोलीशेजारच्या हॉलमध्ये एकतीस जण जमले. शर्ट काढून बाकड्यावर निजायचं म्हटल्यावर अर्धे लाजले आणि बाकीच्यांनी त्यांना लाजवलं.

"समिधा, माझो हात वाकडो निघालो तर घराकडे सांगा नको हां," बाबांचा बालमित्र जानू निजता निजता म्हणाला. "ती आधीच म्हणता, डोक्या वाकडा हा."

"डोक्या मोजूचा यंत्र ह्या न्हय रे," मागून कोणीतरी ओरडलं.

"थंड किती तां! बांगडो समजलंस काय माका, बरफात ठेवलंस तो?"

समिधा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती: पाग पहिल्यांदा कितव्या वर्षी हातात घेतला? दुपारपर्यंत उत्तर दिसू लागलं. सोळाव्या वर्षानंतर शिकलेल्यांचे दोन्ही हात जवळजवळ सारखे. बाराच्या आसपास सुरू केलेल्यांत दहा-अकरा अंशांचा फरक. सहा-सातला सुरू केलेल्यांत अठरा, एकोणीस, वीस. वय जितकं कोवळं, तितका पीळ शाबूत. आकडे इतके सरळ रांगेत आले की डॉक्टर वालावलकरांनी दोनदा कागद उलटासुलटा करून पाहिला.

"बाबा, तुम्ही?" समिधाने विचारलं.

"बारा," बाबा म्हणाले. "सातवी झाल्यार."

जानू खोकला, आणि वर टांगलेल्या जाळ्याकडे बघत बसला.

समिधाने बारा लिहिलं. तिला ते ठाऊकच होतं. शाळेत जायचं नाही म्हणून ती रडायची तेव्हा बाबांनी किती वेळा सांगितलं होतं, मी सातवीपर्यंत शिकलो, पहिला नंबर असायचा माझा.

हॉल रिकामा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "म्हणजे वडिलांचे अकरा. समिधा, अकरा अंशांसाठी मी चाकू हातात घेणार नाही. बासष्ट वर्षांचं हाड आहे, नसेचा धोका आहे. मिळणार थोडं, जाईल ते सगळं."

"आणि अकरा अंशांनी जाळ्याचा बोळा होतो?"

"तेच मला कळत नाही. जानूसारखे उशिरा शिकलेले दोघं-तिघं आहेत, हात तेवढे मागे जात नाहीत, तरी फेकतात." त्यांनी यंत्राची वायर गुंडाळली. "माझं उत्तर नाही असं आहे. दुसरं काही सापडलं तर सांग."

घरी येऊन तिने बाबांना तेच सांगितलं. बाबा "बरा" म्हणाले. आईने देवापुढे साखर ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी समिधा माळ घेऊन बसली. सव्वासहा झाले असतील. बाबा पडवीतून उठून आत आले. कधी येत नसत. देवघराच्या उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून बसले, तिच्याकडे पाठ करून.

"सातवी नाय," ते म्हणाले.

मणी तिच्या बोटांत तसाच राहिला.

"दुसरीतसून काढल्यानी माका. बापाशीक ताप इलो, उठलोच नाय तो पावसाळोभर. सा वर्साचो होतंय मी. पाग माझ्यापेक्षा जड. पयल्या दिवशी जाळ्यावांगडा मीच पाण्यात पडलंय. जानूच्या बापाशीन वर काढल्यान." त्यांनी पाय जवळ घेतले. "तू शाळेत जायनस. म्हणालंस, बाबा, तुम्ही खय शिकलास? मगे म्हटलंय, सातवी. पयलो नंबर. तू गेलंस. मगे ता तसाच ठेवचा लागला. तुझ्या प्रगतिपुस्तकार सही करी होतंय, ती सही जानून शिकवल्यान माका. आठ दिवस लागले."

बाहेर तुळशीपाशी चिमण्या आल्या होत्या. घड्याळात सहा वीस.

"कालपण सांगतलंय होतंय. पण सगळो गाव होतो. आणि तुझो डॉक्टर. शिकलेल्या चेडवाचो बापूस म्हणान माका खुर्ची दिल्यान तेणा."

समिधाला बोलायचं होतं. पण नेम म्हणजे मनाला सोयीचं असेल तेव्हा करायची गोष्ट नव्हे, आणि बाबांनी हा तास निवडला होता तो त्यासाठीच. आपण मध्ये बोललो तर ते पुढचं सांगणार नाहीत, हे तिला कळलं. ती उठली, उंबरा ओलांडून त्यांच्या समोर बसली. एका हाताची पाचही बोटं आणि दुसऱ्याचं एक तिने त्यांच्यापुढे धरलं.

"सा," बाबा म्हणाले. "सात पुरी नाय होती. गणपती झाल्यार सात झाली."

 आई चहा घेऊन आली, दोघांना बघून पुन्हा आत गेली.

सात वाजले.

"पयलो नंबर?" समिधाने विचारलं.

"दुसरीत होतो," बाबा म्हणाले. "तेवढा तरी खरा मान."

ती हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "बाबा, आता एकोणीस झाले. डॉक्टर तयार होतले. पण धोको होतो तेवढोच आसा. मनगटाचो."

"तुका ठाऊक झाला मा?"

"झाला."

"मगे काप."

*

आरसा ऐकेना. समिधाने आराखडा भरला तसा पडदा लाल झाला: 'आराखडा निरोगी बाजूशी जुळत नाही. कारण निवडा.' खाली खेळांची यादी. क्रिकेट, भालाफेक, बेसबॉल, हँडबॉल. तिने 'इतर' निवडलं आणि रिकाम्या चौकटीत लिहिलं: 'रुग्ण सहाव्या वर्षापासून पाग टाकतो.' यंत्राने आणखी तीनदा विचारलं. तिने तीनदा तेच लिहिलं. शेवटी खाली मंजुरी म्हणून डॉक्टरांचं नाव उमटलं आणि लाल रंग गेला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ती पडद्याशी उभी होती. जुनी पट्टी निघाली. डॉक्टरांनी नस शोधून पिवळ्या दोऱ्याने अलगद बाजूला धरली. गवताच्या काडीएवढी जाड, आणि तिच्यावर बाबांचं मनगट. हाडात वर एक आणि खाली एक अशा दोन सळ्या गेल्या. आधी दोन्ही एका रेषेत होत्या. करवतीचा आवाज आला आणि थांबला. समिधाने नामस्मरण सुरू केलं होतं ते तिच्या ध्यानात आलं नाही.

"फिरवतोय," डॉक्टर म्हणाले. यांत्रिक हाताने खालची सळी धरून ठेवली होती. "दहा. बारा. समिधा, नस ताणली जातेय. पंधराला थांबू?"

पडद्यावर नसेची रेघ पिवळीची नारिंगी होत होती.

"किती ताण आहे, सर?"

"चालण्यासारखा. पण आनंदाचा नाही."

पंधराला थांबलं तर कोणी दोष देणार नव्हतं. तिने एकतीस माणसांचे आकडे आठवले, आणि सहा वर्षांचा एक मुलगा, स्वतःपेक्षा जड जाळ्यासकट पाण्यात पडलेला.

"नस वरच्या बाजूने दोन सेंटिमीटर आणखी मोकळी केली तर?" तिने विचारलं. "जुन्या जखमेला चिकटलेली दिसतेय इथे."

डॉक्टरांनी पडदा पाहिला, मग जखम पाहिली. पंधरा मिनिटं ते जुन्या जखमेतून नस सोडवत राहिले. रेघ पुन्हा पिवळी झाली.

"सतरा," डॉक्टर म्हणाले. "अठरा. एकोणीस."

"तिथेच, सर."

दुपारी बाबांची गुंगी उतरली. डॉक्टर वालावलकर पलंगाशी वाकले. "बाबलराव, अंगठा वर करा."

काही झालं नाही. आईने समिधाचा दंड घट्ट धरला.

"बाबलराव."

"ऐकलंय," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "कोणाक दाखवूचो?" आणि बँडेजच्या टोकातून अंगठा वर आला, मागोमाग मनगटही.

*

पाच महिने रबर ओढण्यात गेले. वीस वेळा सांगितलं तर बाबा तीस वेळा ओढत आणि काशीबायला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मोजत.

एका सकाळी, साडेसात-आठच्या ओहोटीला, ते खाडीत उतरले. समिधा काठावर होती. या वेळी त्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं, तरी जानू, दिगंबर आणि आणखी चार जण काही ना काही काम काढून जेटीवर आलेच होते.

पहिली फेक बोळा झाली. बाबांनी जाळं ओढून घेतलं, झटकलं, कोपरावर घेतलं. दुसरी फेकही बोळाच. जेटीवरचा एकजण दोरी वळायला लागला, नजर दुसरीकडे असावी म्हणून. समिधा हलली नाही.

तिसऱ्या वेळी बाबांनी घाई केली नाही. कंबर वळली. हात मागे गेला, कानाच्या मागे, जिथे अडायचा तिथे आला, आणि न अडता आणखी मागे गेला. जाळं सुटलं. पूर्ण गोल नव्हतं, एका बाजूला फणसासारखं लांबट होतं. पण ते उघडलं होतं. शिशाचे मणी एकदम पाण्याला टेकले आणि बाबांच्या जाळ्याचा तो आवाज समिधाने अडीच वर्षांनी ऐकला.

"वाकडा पडला रे," जानू ओरडला.

"तुझा तोंड!" बाबांनी पाण्यातून उत्तर दिलं.

चौथं गोल पडलं. पाचवं त्याहून गोल. बाबा जाळ्यात काय आलं ते बघतसुद्धा नव्हते. ओढत होते आणि फेकत होते, पाणी छातीशी येईपर्यंत. मग बाहेर आले.  जाळ्याच्या घडीत चार-पाच मासे तडफडत होते, ते त्यांनी आईसाठी पिशवीत टाकले.

"आणखी किती जण हत?" त्यांनी विचारलं.

समिधाला कळलं. यंत्रातल्या जुन्या नोंदी तिने महिनाभर चाळल्या होत्या आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं. "नऊ. उजवो दंड, खाडीकाठचे, नवव्या प्रश्नाक 'नाय'. सगळ्यांचे आराखडे माझेच."

"तेंका ठाऊक हा?"

"नाय. सगळे समजतत वय झाला, नायतर नशीब. मी जातलंय एकेकाकडे. आजपासून."

"एकटी गेलंस तर शिवी खातलंस."

"खातंय, बाबा. माझीच आसा ती."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ओलं जाळं तिच्या खांद्यावर टाकलं. ती वजनाने एका बाजूला कलली, सावरली.

"पयलो कोण?"

"भिकाजी सारंग. बंदराच्या पल्याडचो."

"चल तर. तेचो बापूस माझ्यावांगडा पाग मारी. भिक्यापण लहानपणासून थयच होतो."

भिकाजी सारंग अंगणात माडाच्या झावळ्या विणत बसले होते. ओल्या कपड्यांतला बाबल आणि जाळं खांद्यावर घेतलेली त्याची शिकलेली लेक बघून ते उठले, आत पाणी आणायला सांगणार तोच समिधा बोलली. बसण्याआधी, पाणी घेण्याआधी.

"काका, तुमचो हात कसो जोडूचो ता मी ठरवलेलंय. ता चुकला. तुमचो हात अडता तो वयान न्हय, नशिबान न्हय. चूक माझी."

भिकाजींनी आपल्या उजव्या दंडाकडे पाहिलं, मग बाबलकडे. बाबलनी आपला हात वर नेला, कानाच्या पार मागे नेला, आणि तिथेच धरून उभे राहिले.